तो एक कुठला?

आमच्या स्टोअरच्या अण्णांकडे एक लांबडी वही आहे. लाल पुठ्ठा, कापडी पाठ, पहिल्या पानावर वर मधोमध ‘श्री’. दुधाचे कॅन, गाळण्या, वजनकाट्याच्या बॅटऱ्या, फॅट मशिनचे सुटे भाग, जे काही स्टोअरमध्ये आलं आणि स्टोअरमधून गेलं ते सगळं तारखेनिशी त्या वहीत असतं. काही वर्षांपूर्वी त्यात टॅबची भर पडली. संकलन केंद्रावर शेतकऱ्यानं दूध ओतलं की वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) थेट टॅबवर चढतं आणि पावती निघते. टॅब गेला की केंद्राचा सचिव कागदावर लिहीत बसतो आणि दहा दिवसांचं बिल निघताना आमच्या ऑफिसात भांडणं होतात. त्यामुळे कुठल्या केंद्रावर कुठला टॅब, हे अण्णांच्या वहीत अक्षर न् अक्षर असतं.

मी सांगलीत एका दूध संघात कॉम्प्युटर विभाग बघते. विभाग म्हणजे मी, एक पोरगा आणि एक इन्व्हर्टर. संघाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात गाढवपणा बहुतेक माझाच आहे आणि उगाच संघाला त्रास नको.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, साहेबांनी दोन प्रश्न विचारले. आपल्याकडं एकूण मशीन किती? आणि त्यातले विंडोज १० वाले किती? दुसऱ्या प्रश्नाला कारण होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि नवीन लॅपटॉपची मागणी संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवायची तर आकडा हवा होता. पहिला प्रश्न ऑडिटवाल्यांचा.

आमचे सगळे टॅब, लॅपटॉप आणि सुपरवायझर लोकांचे मोबाइल मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनमध्ये, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायच्या सेवेत, जोडलेले आहेत. पोर्टलवर जाऊन यादी उतरवून घेता येते, आणि एकदाच करायचं असतं तर मीही तेच केलं असतं. पण मला ते दर सोमवारी हवं होतं, अण्णांच्या वहीशी ताडून, मी रजेवर असले तरी. म्हणून ग्राफ एपीआयकडं वळले. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडं माहिती मागायची सोय. ग्राफ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या सेवांची एक सामाईक खिडकी. आलेख वगैरे काही नाही, नावावर जाऊ नका. पत्ता असा लिहायचा: ग्राफ डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, मग व्ही१.०, मग डिव्हाइसमॅनेजमेंट, मग मॅनेज्डडिव्हायसेस. त्या पत्त्यावर विनंती पाठवली की डिव्हाइसची यादी जेसन स्वरूपात, म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येईल अशा मजकुरात, परत येते. नाव, सीरियल नंबर, ओएस, त्याची आवृत्ती, शेवटचा सिंक कधी झाला, मोकळी जागा किती, मशीन कंपनीचं की माणसाचं स्वतःचं.

खिडकीवर जायच्या आधी ओळखपत्र लागतं. एन्ट्रा आयडीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेत (जुनं नाव अझ्युर एडी, २०२३ ला बारसं बदललं) एका ॲपची नोंदणी करायची. टेनंट आयडी (संस्थेची ओळख), क्लायंट आयडी (ॲपची ओळख) आणि एक सिक्रेट (ॲपचा पासवर्ड) हाती पडतं. ते तिन्ही लॉगिन सर्व्हरला दाखवायचं, तो तासभराहून थोडं जास्त चालणारं टोकन देतो, आणि ते टोकन प्रत्येक विनंतीबरोबर ग्राफला दाखवायचं. इथपर्यंत माझं एका दुपारीत झालं. टोकन मिळालं तेव्हा मी पोराला सांगून चहा मागवला.

चहा यायच्या आत ४०३ आला. म्हणजे टोकन खरं आहे पण तुला आत सोडणार नाही. मी परवानगी दिलेली होती की! डिव्हाइसमॅनेजमेंटमॅनेज्डडिव्हायसेस डॉट रीड डॉट ऑल, अक्षर तपासून घेतलेलं. दोन तास मी कोड उलटापालटा केला. शेवटी ते टोकन जेडब्ल्यूटी डॉट एमएस या पानावर टाकून उलगडून बघितलं तर त्यात ‘रोल्स’ नावाचा, म्हणजे ॲपला मिळालेल्या परवानग्यांचा, रकानाच नव्हता. झालं होतं असं की ही परवानगी दोन प्रकारांत मिळते. एक डेलिगेटेड, म्हणजे कोणी माणूस लॉगिन करून बसलाय आणि ॲप त्याच्या वतीनं काम करतंय. दुसरी ॲप्लिकेशन, म्हणजे समोर माणूस नाही, स्क्रिप्ट रात्री एकटीच चालणार आहे. मी पहिली घेतली होती आणि काम दुसरीचं होतं. ती बदलली. तरी ४०३. कारण परवानगी नुसती यादीत घालून भागत नाही, ॲडमिननं संमतीचं बटणही दाबावं लागतं. आमच्याकडं ॲडमिन मीच. अर्ज माझा, सही माझी, आणि सही करायची मीच विसरले.

याच वेळी एका ओळखीच्या सल्लागारानं फोनवर सांगितलं, ‘सगळ्याच परवानग्या देऊन टाका हो, डोक्याला ताप नको.’ नाही दिल्या. त्या यादीत प्रिव्हिलेज्डऑपरेशन्स नावाची एक परवानगी आहे, तिच्या जोरावर स्क्रिप्ट लांबून टॅब पुसून कोरा करू शकते. मला यादी वाचायची होती. भाजी आणायला जाणाऱ्या पोराच्या हातात कुणी तिजोरीची किल्ली देत नाही.

तर यादी आली. मी मोजली. बरोबर १०००.

मी वर गेले आणि साहेबांना सांगितलं, ‘एक हजार.’ साहेब खूश. त्यांना गोल आकडे आवडतात, बैठकीत वाचायला बरे पडतात. अण्णा तिथंच कॅनच्या पावतीवर सही घ्यायला उभे होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

‘ताई, नेमकं हजार?’

‘नेमके हजार, अण्णा.’

‘माझ्या वहीत अकराशे सत्त्याऐंशी हायेत.’

आणि सही घेऊन खाली गेले. जिना उतरता उतरताच मला कळलं असावं, पण कबूल करायला संध्याकाळ उजाडली. (संध्याकाळ उजाडत नाही, माहीत आहे. माझी उजाडली.) ग्राफ एका वेळी सगळी यादी देत नाही. एक पान देतो, माझ्याकडं ते हजार नोंदींचं होतं, आणि पानाच्या शेवटी ‘ओडेटा नेक्स्टलिंक’ म्हणून पुढच्या पानाचा पत्ता असतो. तो पत्ता जोवर येतोय तोवर जात राहायचं. मी पहिलं पान वाचून पुस्तक मिटलं होतं. चार ओळींची फिरकी (लूप) घातली आणि आकडा आला १२६३.

आता उलटी पंचाईत. अण्णांपेक्षा ७६ जास्त.

दरम्यान एक वेगळंच प्रकरण झालं. यादीत ‘लास्टसिंकडेटटाइम’ हा रकाना मला सर्वात आवडला होता, कारण टॅब शेवटचा बोलला कधी हे त्यावरून कळतं. जत तालुक्यातल्या एका केंद्राच्या टॅबसमोर पहाटेचे १ वाजून ४८ मिनिटं. दुसऱ्या दिवशी १ वाजून ५२. मला वाटलं, रात्री पोरं टॅब घेऊन बसत असणार. मी सचिवांना फोन लावला आणि जरा मोठ्या आवाजातच विचारलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘मॅडम, दीड वाजता आमच्या म्हशी पन झोपल्याल्या असत्यात.’

त्या वेळेच्या शेपटीला ‘झेड’ हे अक्षर होतं. वेळ यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली. आपल्याकडची वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवायचे. १:४८ म्हणजे सकाळचे ७:१८, म्हणजे केंद्रावर दुधाची रांग लागलेली असताना. त्या सचिवांची मी माफी मागितली. नंतर ते ऑफिसात आले तेव्हा पोराला मुद्दाम सांगून गेले, ‘मॅडमला म्हनावं, आता घड्याळ बरुबर हाय का?’

त्या रकान्याबद्दल अजून थोडं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ग्राफ जे सांगतो ते टॅब आत्ता कसा आहे हे नव्हे. टॅबनं शेवटी संपर्क केला तेव्हा तो कसा होता, ते. सगळं ठीक असलं तर टॅब साधारण दर आठ तासांनी इंट्यूनला भेटून येतो. रेंज नसली, बॅटरी मेली, कुणी कपाटात ठेवून दिला, तर यादीत तो जसाच्या तसा जिवंत दिसत राहतो. सांगलीकरांना हे समजावायला लागत नाही. जुलै-ऑगस्टात आम्ही एकमेकांना नमस्कार करत नाही, ‘आयर्विनला किती?’ म्हणून विचारतो, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट. कुणी ३८ फूट सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: कधीचं? सकाळी सहाचं की आत्ताचं? ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी बघितलेल्या गावात वेळेशिवायचा आकडा कुणी ऐकूनही घेत नाही. मी मात्र यादी काढताना सुरुवातीला हाच रकाना गाळला होता. ‘सिलेक्ट’ लावून हवे तेवढेच रकाने मागवता येतात, तेव्हा फाइल हलकी व्हावी म्हणून. मग पुन्हा घातला.

आता त्या ७६ कडं येते. यादी चाळताना दिसलं की एकच सीरियल नंबर दोन-दोनदा आलाय. टॅब अडकला की आमचा पोरगा तो रिसेट मारतो आणि पुन्हा जोडतो. इंट्यूनमध्ये त्याची नवी नोंद होते आणि जुनीही तशीच पडून राहते. रेशनकार्डावर मयत माणसाचं नाव राहतं तसं. उपाय सोपा: सीरियल नंबर धरून नोंदी एकत्र करायच्या आणि ज्या नोंदीचा शेवटचा सिंक सर्वात अलीकडचा ती ठेवायची. पायथनमध्ये सीरियल नंबरची डिक्शनरी केली (एका किल्लीवर, म्हणजे इथं एका नंबरावर, एकच नोंद राहते अशी यादी), फिरवली, आणि पडद्यावर आकडा आला.

११८८.

अण्णांचे ११८७, माझे ११८८. अकराशेत एकाचा फरक! मी खुर्चीवरून उठलेच. ते हजाराचं प्रकरण मनाला लागलं होतं, त्यामुळे लॅपटॉप तसाच उघडा घेऊन स्टोअरमध्ये गेले. अण्णा गाळण्या मोजत होते. मी पडदा दाखवला. त्यांनी वाचला, वही बघितली, परत पडदा बघितला.

‘बरं झालं,’ म्हणाले. ‘आन् त्यो एक कुठला?’

मी म्हटलं, अण्णा, एवढ्या मोठ्या आकड्यात एखादं इकडं-तिकडं चालतंय. त्यावर ते काही बोलले नाहीत, गाळण्या मोजायला लागले. या माणसाची पस्तीस वर्षं स्टोअरमध्ये गेली आहेत. एक कॅन कमी भरला म्हणून रात्री साडेनऊपर्यंत टँकर थांबवून ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. मी परत जागेवर येऊन बसले आणि तो एक शोधायला लागले.

तो एक नव्हताच. दोन्ही याद्या सीरियल नंबरनं शेजारी-शेजारी लावल्या तर तब्बल १०-१५ ओळी इकडं आहेत तिकडं नाहीत, आणि तितक्याच तिकडं आहेत इकडं नाहीत. चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या, म्हणून बेरीज जुळल्यासारखी दिसत होती. मला घाम फुटला, कारण अण्णांनी विचारलं नसतं तर हा ११८८ मी ऑडिटला दिला असता आणि पुढं दर सोमवारी देत राहिले असते.

सगळ्यात मोठी भानगड रिकाम्या सीरियल नंबरची. सुपरवायझर लोक स्वतःच्या मोबाइलवर ऑफिसचं खातं वर्क प्रोफाइलमध्ये, म्हणजे फोनमधल्या कामाच्या वेगळ्या कप्प्यात, जोडतात. अँड्रॉइड १२ पासून अशा खासगी फोनचा सीरियल नंबर आणि आयएमईआय कंपनीला दिसत नाही. गोपनीयतेसाठी, आणि ते योग्यच आहे. माझ्या फोनचा नंबर संघाला कशाला? पण माझ्या डिक्शनरीला ते कळत नव्हतं. रिकामा नंबर असलेले २२ फोन एकाच रिकाम्या किल्लीवर एकमेकांना पुसत गेले आणि शेवटी एकच उरला. २१ माणसांचे फोन मी एका ओळीत गाडले होते. शिवाय खासगी फोन मुळात या मोजणीत यायलाच नको होते, अण्णांच्या वहीत ते असणार कसे? यादीत ‘मॅनेज्डडिव्हाइसओनरटाइप’ नावाचा रकाना आहे, त्यात कंपनी की पर्सनल हे लिहिलेलं असतं. तो मी बघितलाच नव्हता.

मग नीट केलं. १२६३ मधून आधी खासगी ३१ बाजूला. राहिले १२३२. त्यातून जुन्या दुबार नोंदी ५४ काढल्या. उरले ११७८. अण्णांचे ११८७. आता नऊचा फरक, आणि मला तो एकाच्या फरकापेक्षा जास्त बरा वाटत होता.

पुढं ओळ न् ओळ. माझ्याकडं आहेत पण वहीत नाहीत असे ५. वहीत आहेत पण माझ्याकडं नाहीत असे १४. यासाठी अण्णांची वही एक्सेलमध्ये घ्यावी लागली. पोरगा टाइप करत होता, अण्णा वाचून दाखवत होते, तीन दुपारी गेल्या. त्यात एक्सेलनं वेगळीच मजा केली. काही सीरियल नंबरांत आकड्यांच्या मधे इंग्रजी ई येतो, एक्सेलला वाटतं हा घातांक आहे, आणि तो नंबराचा चेंदामेंदा करतो. सुरुवातीची शून्यं तर न विचारता खातो. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच टाइप करायचं हे आता भिंतीवर चिकटवलंय. केंद्रांची नावं मराठीत होती, ती सीएसव्हीतून उघडली की चौकोन आणि टोप्या घातलेली अक्षरं दिसायची. फाइल लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दिलं की भिलवडी पुन्हा भिलवडी दिसते.

वहीतल्या १४ पैकी ८ टॅब स्टोअरच्याच वरच्या फळीवर होते. खोक्यात, न उघडलेले. नवीन केंद्रांसाठी आणलेले, केंद्रांना वीजजोड मिळायचा होता. टॅब चालूच झाला नाही तर ग्राफला तो कुठून दिसणार? ३ दुरुस्तीला गेलेले, त्यांच्या नोंदी पोरानं इंट्यूनमधून काढून टाकल्या होत्या. २ टॅब २०२१ च्या जुलैच्या पुरात गेलेले, कृष्णाकाठच्या दोन केंद्रांवरचे. पंचनामा झाला, विम्याचे पैसे आले, वहीत लाल रेघ मारायची राहून गेली. अण्णांनी त्या दिवशी मारली, आणि रेघेशेजारी त्या दिवशीचीच तारीख घातली, २०२१ ची नाही. मी म्हटलं जुनी घाला की. ते म्हणाले, ‘रेघ आज मारली, तारीख आजचीच पडंल.’ मला तेव्हा ते अतिरेकी वाटलं. नंतर लक्षात आलं की यादीतही नोंदणीची तारीख वेगळी आणि शेवटच्या सिंकची वेगळी असते, आणि तिथं मला ते अजिबात अतिरेकी वाटलं नव्हतं.

माझ्याकडच्या ५ जास्तीपैकी ४ लॅपटॉप संचालकांचे. परस्पर खरेदी, स्टोअरला कागद नाही. याविषयी जास्त लिहीत नाही.

राहिला वहीतला एक आणि माझ्याकडचा एक. केंद्र एकच, तासगाव तालुक्यातलं. मॉडेल एकच. सीरियल नंबर अकरा अक्षरांचा, दहा अक्षरं जुळत होती. वहीत ५, माझ्याकडं इंग्रजी एस. अण्णा मान्य करेनात. भिंग आणलं. मग त्या केंद्राला फोन करून टॅबच्या पाठीवरचा स्टिकर वाचून घेतला. एस निघाला. अण्णांनी वहीतला ५ खोडला नाही. त्याच्या वर बारीक एस लिहिला आणि शेजारी सही केली. पस्तीस वर्षांतली एक चूक सापडली म्हणून मी आनंद दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, पण पोरानं माती खाल्ली. तो हसला.

विंडोज १० चं पटकन सांगते. ‘फिल्टर’ लावून फक्त विंडोजच्या मशीन मागवल्या, १४३ आल्या. आवृत्ती बघितली तर सगळ्या १०.० नं सुरू होणाऱ्या. १४३ लॅपटॉप बदलायचे? साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पण विंडोज ११ सुद्धा आपली आवृत्ती १०.० अशीच सांगतं. खरं ओळखायचं ते तिसऱ्या आकड्यावरून. २२००० आणि त्यापुढचं असेल तर ११; १९०४५ म्हणजे विंडोज १० ची शेवटची आवृत्ती. असे ६१ निघाले. त्यातले किती ११ वर चढवता येतील हे बघायला रॅम हवी होती, आणि यादीत रॅमच्या रकान्यात सगळ्यांसमोर शून्य. मी घाबरले नाही, तोवर शहाणी झाले होते, आधी दस्तऐवज वाचला. तो रकाना यादीत मागितला तर शून्यच येतो. एकेका मशीनचा आयडी देऊन आणि सिलेक्टमध्ये त्याचं नाव घालून वेगळं विचारावं लागतं. ६१ वेळा विचारलं. मग हावरटपणा केला, सगळ्याच १२६३ ना एकदम विचारायला गेले आणि ४२९ मिळाला. म्हणजे ‘रांगेत या.’ उत्तराबरोबर ‘रिट्राय-आफ्टर’ म्हणून सेकंदांचा आकडा येतो, तेवढं थांबून परत जायचं. मोठ्या याद्यांसाठी एक्सपोर्टजॉब्स म्हणून वेगळी सोय आहे, काम नोंदवायचं, ते पूर्ण झालं का अधूनमधून विचारायचं, झालं की झिप फाइलचा पत्ता मिळतो. दर सोमवारचं मी आता त्यावर नेलंय.

सोमवारी सकाळी अण्णांच्या टेबलावर एक कागद जातो. आडवा छापलेला, कारण उभा त्यांना आवडत नाही. त्यात फक्त न जुळणाऱ्या ओळी असतात. सात दिवसांत ज्यांचा सिंक नाही असे टॅब वर, मग वहीत नसलेले, मग यादीत नसलेले. अण्णा लाल पेननं एकेकावर खूण करत केंद्रांना फोन लावतात. ‘सचिव, तुमचा टॅब बोलत नाय,’ असं म्हणतात. अर्धे टॅब कपाटात असतात, दोनेक चार्जरच्या शोधात.

१५ डिसेंबरला, सोमवारीच, कागद निघाला नाही. स्क्रिप्टमध्ये एएडीएसटीएस७०००२२२ हा एरर, म्हणजे सिक्रेटची मुदत संपली. जून महिन्यात सिक्रेट काढताना मी १८० दिवसांची मुदत निवडली होती आणि ती शनिवारी, १३ तारखेला, संपली होती. ग्राफपर्यंत पोचायच्या आधीच लॉगिन सर्व्हरनं हाकललं. सिक्रेटऐवजी सर्टिफिकेट वापरावं असं जाणते सांगतात, माझं ते अजून करायचं राहिलंय. नवं सिक्रेट काढायला पाच मिनिटं लागली. साडेदहाला अण्णा वर आले, कागद का नाही म्हणून.

मी सांगितलं, किल्लीची मुदत संपली होती, आता सहा महिन्यांची नवीन काढली.

‘परत कवा संपनार?’

‘१३ जून.’

त्यांनी काखेतली वही टेबलावर ठेवली आणि मागची पानं उघडली. तिथं टँकरचा विमा, पीयूसी, काट्यांच्या वार्षिक पडताळणीच्या तारखा, अग्निशामक नळकांड्या भरायच्या तारखा असतात. शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं: ‘कॉम्प्युटर किल्ली, १३ जून २०२६.’ थोडा वेळ थांबले आणि पुढं कंसात घातलं: ‘ताईंना ६ जूनला आठवण करणे.’